चाळीस तासांचा सांधा

तपासनीस बाईंनी हिऱ्याचं टोक सांध्यावर तिसऱ्यांदा टेकवलं, कठीणपणाचा आकडा वाचला आणि भट्टीवाल्या काकांकडे पाहिलं.

"सत्तर. बाकीचे अकरा पंच्याऐंशीच्या वर आलेत. हा एकच नापास कसा?"

कृत्रिम पायाच्या गुडघ्याचे बारा सांधे. सगळे एकाच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, एकाच भट्टीत एकदम घातलेले. काकांनी टोपी काढली, परत घातली. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असंच काहीतरी करत बसतो.

"हा माझ्या लेकीचा," ते म्हणाले. "बाकीचे सगळे सोळा तासांनी काढले. हा आतच ठेवला. चाळीस तास."

"का पण?"

"सोळा तासांत एवढं बळ येतं, म्हटलं, अजून शेकला तर आणखी येईल. दिवसभर उभं राहायचंय तिला."

बावीस वर्षं ज्यांनी पाच मिनिटं इकडची तिकडे होऊ दिली नव्हती, त्यांनी नेमके घरच्या कामात हे दिवे लावले होते. बाईंना राग आला होता, पण ओरडवेना.

"काका, शेकताना आत बारीक बारीक कण तयार होतात. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत इतके. ते दाटीवाटीने उभे असतात म्हणून धातू आतल्या आत घसरत नाही. बळ म्हणतो ते हेच. फार वेळ ठेवला की मोठे कण छोट्यांना गिळायला लागतात. मग उरतात चार गलेलठ्ठ, आणि मधे सगळं मोकळं रान. धातू परत मऊ पडतो."

"म्हणजे मीच घालवला."

"अति केलंत. पण वाया नाही गेलेला. आठ तास मोठ्या आचेवर ठेवा, सगळे कण विरघळतील. गरम पाण्यात बुडवा आणि पुन्हा पहिल्यापासून सोळा तास. आत्ता लावलात तर उद्या याच वेळेला तयार."

उद्या रविवार. सोमवारी लेकीची बस होती. परगावच्या शाळेत नोकरी लागली होती, पहिल्यांदाच एकटी राहणार होती. सांधा उद्या झाला नाही तर पाय बसवायची पुढची तारीख महिन्याने होती, म्हणजे जाणंही महिनाभर तरी पुढे गेलं असतं. हे काकांच्या मनात आलं आणि त्यांना चक्क बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी सांधा फडक्याने पुसून जाळीवर ठेवला आणि भट्टीचं दार लावलं. काटा हळूहळू चढायला लागला.

"बाई, उद्या तुम्ही याल?"

"मी? सुट्टी आहे माझी."

"माहीत आहे. तरी या. वेळ भरली की भट्टी तुम्ही बंद करा. माझा हात उठायचा नाही."