माहेरचा सांगावा

ताराबाईला पहिला मुलगा झाला ते २००५ साल. बाळंतपणाला ती माहेरी, बेल्याला आली होती. त्याच दिवसांत तिच्या बापानं, भिवाजीनं, उटनूरला आपल्या व्याह्यांकडे निरोप धाडला : तुमची इहीन शेवटच्या घटकेवर आहे, लवकर या.

व्याही म्हणजे बाबाराव गुरुजी. त्यांची लेक विशाखा भिवाजीच्या नागसेनला दिली होती. दोघं नवराबायको अमेरिकेत होते.

पहिल्या गाडीनं निघून गुरुजी बेल्याला पोचले. अंगणात शिरले तेव्हा त्यांची इहीन, भिवाजीची बायको रुक्माबाई, पाय लांब करून पाटावर बसली होती. पायांवर नातू पालथा. ती त्याची पाठ तेलानं चोळत होती.

"या, इवाई," ती म्हणाली. "मी मरून राह्यली. पाहून घ्या."

ओसरीवर ताराबाई हसली. गुरुजी पिशवी हातात धरून उभेच राहिले.

भिवाजीनं फोन बाहेर आणून स्टुलावर ठेवला.

"गोष्ट सरळ हाय, गुरुजी. तुमच्या पोरीनं तिथं कॉलेजात नाव घातलं. गेली होती नवऱ्याची बायको म्हणून. आता म्हणते, मले विद्यार्थी म्हणून राहू द्या. तिथल्या सरकारात अर्ज टाकला."

"मले ठाऊक हाय."

"मंग हेबी ठाऊक असंन. निकाल लागाच्या आधी तिनं तो देश सोडला, का अर्ज खलास."

गुरुजींना तेही ठाऊक होतं. कॉलेज तिची फी माफ करणार होतं, वर पगार देणार होतं. पण विद्यार्थी म्हणून राहायची परवानगी मिळाली तरच.

"नागसेनले नको असंन तर त्यानं तिले तोंडावर सांगावं," ते म्हणाले.

"त्याचं ऐकते कुठं?" रुक्माबाईनं पोराला उताणं केलं. "माह्या लेकाच्या नावावर इमानात बसली, अन् आता त्याचंच नाव पुसून राह्यली. उद्या सोताचा पगार आला का त्याले कोन इचारते?"

भिवाजी म्हणाला, "मी दोनदा फोन केला. सासू चालली म्हणलं. तर म्हणते, माह्या बाबाले सांगू द्या."

त्या भागातल्या घरांत ही रीत जुनी. सासरी नांदणाऱ्या बाईला मरणाचा सांगावा माहेरच्या माणसानं द्यायचा. दुसऱ्याच्या तोंडून आला तर बाई जागची उठायची नाही. विशाखाची आई ती लहान असतानाच गेली होती. भाऊ नाही, काका नाही. माहेर म्हणजे एकटे बाबाराव.

"तुमी फक्त ये म्हना. इकडं आली का पाहून घेऊ. परत न्यायची का नाही, ते नागसेन ठरवीन."

"अन् नाही म्हणलं तर?"

"तर लग्नात तुमी देल्लं कपाट तुमच्या दारात आनून टाकतो. पोराले सांगतो, दे तिले सोडून. तिथं ना ओळखीचं, ना पाळखीचं. मंग शिकू द्या."

भिवाजीनं नंबर फिरवला.

"आता तिथं मध्यरात असंन," तो म्हणाला. "मध्यरातचा फोन खरा वाटते."

त्यानं फोनचा आवाज खुला केला. दोनदा घंटी वाजली.

"हॅलो? कोण?"

"मी हाय, बाई."

"बाबा!" तिनं फोनवरचा नंबर पाहिला असावा. "तुमी बेल्याले? म्हणजे आत्याबाई गेल्या?"

तेवढ्यात पोर रडायला लागलं. रुक्माबाईनं तेलाचा हात त्याच्या तोंडावर दाबला. सगळे गुरुजींकडे बघत होते.

गुरुजींनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि भिवाजीकडे पाठ केली.

"तुही सासू माह्यासमोर बसली हाय. नातवाले तेल लावून राह्यली. काही झालं नाही तिले."

"ओ गुरुजी!" भिवाजी उठला.

"ऐक. निकाल लागेपर्यंत जागची हलू नको. कोनीबी मेलं म्हणून सांगू दे. माह्या तोंडून ऐकशीन तेव्हाच निघजो. दुसऱ्या कोनाचं—"

भिवाजीनं भिंतीतली वायर उपटली.

रुक्माबाईनं हात काढला. पोराचं तोंड लाल झालं होतं. गुरुजींनी पिशवी उचलली. ताराबाई सवयीनं पाण्याचा गिलास घेऊन पुढं आली.

"ओत ते पानी!" रुक्माबाई ओरडली. "या दारातलं पानी नाही त्याले."

ताराबाईनं पाणी अंगणात ओतलं. गुरुजी ते चुकवून बाहेर पडले.

आठवड्याच्या आत कपाट उटनूरला आलं. ट्रॅक्टरमध्ये आडवं टाकून आणलेलं, आरसा फुटलेला.

पोळा झाला. विशाखाचा निकाल अजून लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या शेजाऱ्यांचा बेल्याला फोन आला. ऐकून भिवाजीनं रुक्माबाईला हाक मारून सांगितलं. रुक्माबाई आतून म्हणाली, "लावा. तिले कळलं पाह्यजे." त्यानं अमेरिकेचा नंबर फिरवला.

"पोरी, भिवाजी बोलून राह्यलो. तुहा बाप गेला. या खेपेले खोटं नाही सांगत. लेकराची आन."

विशाखा म्हणाली,

"बाबाले फोन द्या."

बाबाराव गुरुजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उटनूरला, आपल्या घरी, झोपेत वारले.