सुईएवढा उजेड

"जर्मन बनावटीचा घडीचा कॅमेरा! भिंगावर ओरखडा नाही, शटर घड्याळासारखं चालतंय," संग्राहक हरखून म्हणाला. "ताई, मागाल ती किंमत देतो." बाबा गेल्यावर घर आवरताना तिला तो सापडलेला. संग्राहकानं भिंगामागचा घड्यांचा चामडी भाता उलगडून आत दिवा धरला, आणि भिंतीवर चांदणीएवढा ठिपका उमटला. "घ्या! कुण्या दीडशहाण्यानं सुईनं भोक पाडलंय. आता निम्मेच मिळतील." ती ठिपक्याकडे बघतच राहिली. आई गेल्यानंतर बाबांनी काढलेल्या तिच्या प्रत्येक फोटोत डाव्या खांद्याशी असाच धूसर उजेड उभा असे. बटण दाबण्याआधी बाबा म्हणायचे, "बाळा, जरा सरक, आईला जागा दे." बाबा शिंपी होते, सुई त्यांचंच ऐकायची. "भोक बुजवू का?" संग्राहकानं विचारलं. "नको दादा, विकायचा नाही. रोल भरा, माझा एक फोटो काढा." बाकावर बसताना ती सवयीनं जरा उजवीकडे सरकली.