सोबतीच्या गोळ्या

"आधी तुम्ही घ्या, मग मी," बायको म्हणाली आणि पाण्याचा पेला तिनं मास्तरांपुढे सरकवला. डाव्या हातानं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. रोजचंच होतं हे. आजारी ही, गोळ्या हिच्या, आणि मिनतवाऱ्या त्यांनी करायच्या.

चाळीस वर्षं लोकांचे सदरे बेतणाऱ्या मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं होतं ते हिच्यासाठीच. "बाबा, तुम्ही फक्त आईसमोर बसून राहा," असं मुलीनं बजावलं होतं. तेव्हापासून जेवण झालं की दोघं टेबलाशी समोरासमोर बसत. टेबलावर दोन डब्या, एक हिची, एक त्यांची, आणि स्कॅनचा भला मोठा लिफाफा.

झटका आला त्या दिवसाचं मास्तरांना फारसं आठवत नव्हतं. दुकानातली गार फरशी, कुठंतरी पडलेली कात्री, आणि बायकोचा वाकलेला, अर्धाच दिसणारा चेहरा. दवाखान्यात डॉक्टर सगळं तिच्याकडे बघून सांगत होते. ज्याचं दुखणं, त्याच्याकडेच बघणार. पण हिचे डोळे सारखे भरून येत होते, म्हणून शब्दन् शब्द मास्तरांनीच कान देऊन ऐकला होता.

आजही तिनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले ते परत सांगा ना.

मास्तर खुलले. मेंदूकडे जाणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी अडकली. सुईच्या नेढ्यात धाग्याची गाठ अडकावी तशी. पुढं धागाच नाही, म्हणून तेवढी शिवण सुटली. आता फिल्मवर तो डाग डावीकडे आहे, पण फिल्म म्हणजे कापडाची उलटी बाजू, तिथलं डावं ते आपलं उजवं. आणि मेंदूची उजवी बाजू चालवते डावा हात.

इथवर येऊन ते रोज अडखळत. कारण हिचा डावा हात तर टुणटुणीत होता. पेला उचलत होता, डबी उघडत होता, त्यांच्या सदऱ्यावरचा धागा टिपत होता. दिसत नव्हता तो उजवा. बिचारीचा उजवा हात वर आलेला त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही पाहिला नव्हता.

"डॉक्टरांनीच सुलट-उलट केलंय," मास्तर म्हणाले. "मी असं केलं असतं तर गिऱ्हाइकाच्या पाठीवर खिसा आला असता."

ती हसली. "आणि डाग केवढा आहे हो?"

"मी इतक्यांदा फिल्म बघितली, मला तर दिसतही नाही. टाचणीच्या टोकाएवढा असेल. पण म्हणून गोळी चुकवायची नाही. मशीन नीट चालतंय म्हणून कोणी तेल घालायचं थांबतं का?"

तशी विसरभोळी झाली होती ती. ताटात कोशिंबीर वाढायची राहून जायची. ते बोलले की ती ताट जरासं फिरवायची आणि कोशिंबीर असायची. केव्हा वाढली, मास्तरांना कळायचंही नाही. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं. असा डाग असला की माणसाला एका बाजूचं भानच राहत नाही, आणि आपल्याला काही झालंय हे पटतही नाही. वाद घालू नका, गोडीगुलाबीनं घ्या. फक्त गोळ्या एक दिवसही सोडू नका, दुसरा झटका झेपायचा नाही.

ती एकटी गोळ्या घेईना, तेव्हा मुलीनंच तोड काढली. बाबांनीही सोबतीला घ्यायच्या. त्यांच्या डबीत दोन, ताकदीच्या.

पण आज मास्तरांचं काहीतरी बिनसलं होतं. त्यांनी आपली डबी मागं ढकलली. "मी ठणठणीत माणूस. माझ्या पोटात ही भर कशाला? तू घे, मी बघतो."

तिनं आपली डबी मिटली. "मग राहू दे. मीही नाही घेत."

"अगं, तुझं तसं नाही."

"का? मला काय झालंय?"

झालं. पटतच नाही हिला. मास्तर चिडून काही बोलणार, एवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या हनुवटीकडे गेलं. ती थरथरत होती. चाळीस वर्षांत या बाईनं स्वतःसाठी हट्ट असा केला नव्हता, साधा ब्लाउज शिवून मागायची तोही गिऱ्हाइकं आटपल्यावर. मास्तरांना ती गार फरशी आठवली. पुन्हा नको ती. हिच्यावाचून आपलं पान हलत नाही, हे कळायला त्यांना स्कॅन काढायची गरज नव्हती.

"आण इकडे," ते म्हणाले. दोन्ही गोळ्या तोंडात टाकून ते घटाघटा पाणी प्यायले. "हं. आता तू."

तिनं लगेच आपल्या डबीतली गोळी तोंडात टाकली आणि नेहमीसारखी कडकडा चावली.

"गिळायची असते ती. किती वेळा सांगू?"

"मला नाही कडू लागत," ती म्हणाली.

दाराशी चपला वाजल्या. "घेतल्या का?" मुलीचा आवाज आला, पण ती काही मास्तरांना दिसली नाही.

"घेतल्या बाई एकदाच्या," मास्तर ऐटीत म्हणाले. "तुझ्या आईला वळवायचं म्हणजे माझा जीव मेटाकुटीला येतो."

मुलगी त्यांच्या डाव्या अंगाला उभी होती. तिनं आईच्या डबीतून एक पेपरमिंट उचलून तोंडात टाकलं आणि टेबलाकडे पाहिलं. तिथं, लिफाफ्याच्या पलीकडे, आईचा उजवा हात मघापासून बाबांच्या आखडलेल्या डाव्या मुठीतलं एकेक बोट हळूहळू उलगडत होता.