कुंकू लावलेली डिस्क

संगणकाची नवी डिस्क आली की शलाका आधी तिला कुंकू लावायची आणि मग शुभ म्हणून गणपतीच्या आरतीची छोटीशी फाइल पुन्हापुन्हा वाचून तिचा वेग मोजायची. आजही पडद्यावरचा आकडा गगनाला भिडला होता.

तो पाहायला तिचे वरिष्ठ बेहेरे सर पुढे वाकले आणि त्यांचा धक्का लागून डिस्कची वायर निसटली. टेबलावरून पडणारी डिस्क शलाकाने वरच्यावर झेलली.

आकडा मात्र तसाच धावत राहिला.

"अगं, डिस्क तर तुझ्या हातात आहे!" सर ओरडले. "मग आरती वाचतंय कोण?"

शलाकाला आता उलगडा झाला. पहिल्याच वाचनात संगणकाने आरती आपल्या मेमरीत ठेवून घेतली होती; त्यानंतर त्याने डिस्कला विचारलंच नव्हतं. इतके दिवस ती मेमरीचाच वेग मोजत आली होती!

"आणि परवा अशाच तपासलेल्या डिस्क आपण हॉस्पिटलला बसवून दिल्या," सर पुटपुटले.

तिने लगेच हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावला.

"बरं झालं, तुम्हीच फोन केलात," पलीकडून डॉक्टर म्हणाले. "पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आहे आणि त्याचा स्कॅन अजून उघडतोच आहे."