कडब्यातला फोन

म्हैस विताना अडली होती. जनावरांच्या डॉक्टरचा नंबर माझ्या फोनमध्ये आणि फोन कडब्यात कुठंतरी पडलेला. मी वेड्यासारखा पेंढ्या उपसत होतो. तिचं ओरडणं ऐकून शेजारच्या रानातून अमरदीप धावत आला. गावाच्या ग्रुपवर राजकारणावरून आमची रोज जुंपायची. त्याच सकाळी मी त्याला ‘देश सोडून जा’ लिहिलं होतं. फोन हरवल्याचं कळताच त्यानं स्वतःच्या फोनवरून मला रिंग दिली. कडब्यात घंटी वाजली. मी धडपडलो, पण फोन त्याच्याच हाती लागला. स्क्रीनवर त्याचा नंबर ‘गद्दार ४’ नावानं झळकत होता. त्यानं वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. “काका, आधी डॉक्टरला फोन लावा.” मी लावला. मग म्हशीची पाठ थोपटत त्यानं विचारलं, “माझ्याआधीचे तिघे कोण?” म्हैस पुन्हा ओरडली. “पयला,” मी म्हणालो, “माझाच पोरगा हाय.”