ऊन दाखवलेल्या काचा

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात प्रज्ञाला नगरच्या प्रयोगशाळेत उन्हातून वीज काढणारं प्लास्टिक अखेर जमलं. रेणूंची साखळी लांब आणि सलग झाली की वीज बरी वाहते, आणि यंदा साखळी मनासारखी झाली होती. पण उघड्यावर ऊन लागलं की तीच साखळी तुटायची. तिथे मात्र तिने हात टेकले होते. म्हणून त्या प्लास्टिकचा केशरी थर दिलेल्या काचा काळ्या कागदात गुंडाळून ती खर्ड्याला घरी आली. दोन दिवसांनी पुण्याला त्यांची तपासणी होती.

"आई, ही काच उन्हावर वीज तयार करते," एवढंच तिने बनुबाईला कौतुकानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मैत्रिणीकडून परतली, तर अंगणातल्या बाजेवर कुरडयांच्या शेजारी सगळ्या काचा मांडलेल्या! तिने धावत जाऊन एक उचलली. काचेतून तिला स्वतःची बोटं स्वच्छ दिसली.

"अगं, उन्हावर चालनारी वस्तू आन अशी अंधारात कोंडून ठिवलीस? सकाळधरनं चांगलं ऊन दाखवलं," बनुबाई पदरानं घाम टिपत म्हणाली.

तिने लेकीच्या हातातल्या काचेकडे बोट दाखवलं. "त्यावरचे केशरी डाग बी समदे उडाले बघ!"