पेनल्टी कुणी मारायची?

"सर, पेनल्टी कुणी मारायची?" कर्णधार धापा टाकत रेषेपाशी आला.

"सरांना विचार," मी म्हणालो. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

अरे, सर आता मीच होतो! कोल्हापुरातल्या जुन्या कॉलेजात सहायक प्रशिक्षक म्हणून उमेदीची वर्षं गेली. मैदानावर फक्कीनं रेषा मारायच्या, चेंडूंत हवा भरायची आणि पोरांनी काही विचारलं की मोठ्या सरांकडे पाठवायचं. माझं मत कधी कुणी विचारलंच नाही. या कॉलेजानं मला मुख्य प्रशिक्षक केलं, पण जिभेची सवय काही सुटेना.

मी मागे वळलो. माझे सहायक शिंगाडे बाकामागे पाण्याच्या बाटल्या भरत होते.

"शिंगाडे, पेनल्टी कुणाला द्यायची?"

ते दचकले. "मी काय सांगणार? तुम्हीच ठरवा, सर."

"पोरांना रोज तुम्ही पळवता. सांगा."

बाटली त्यांच्या हातातच राहिली. "इर्शादला द्या," ते हळूच म्हणाले. "मागची हुकल्यापासून सराव संपला तरी एकटाच मारत असतो."

इर्शादनं चेंडू ठेवला. शिंगाडे बाकामागून निघाले आणि रेषेवर, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.